परदेशी आजारी पडलेल्या माणसास घरी केव्हा आणावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, उपवर मुलामुलींची माहिती दिली जाते, वडीलधाऱ्यांचा सत्कार होतो. अशा मंगल प्रसंगी आजारपणाचा विषय काढणे काहींस प्रशस्त वाटणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि व्याख्यानास आरंभ करण्यापूर्वी, जन्मभराच्या सवयीने, आम्ही सभागृहास एक प्रश्न विचारला : ज्यांच्या घरचे निदान एक माणूस आज भारताबाहेर आहे, त्यांनी हात वर करावेत. वर आलेले हात मोजण्याचा आम्ही प्रयत्न केला आणि सोडून दिला. खाली राहिलेले हात मोजणे अधिक सोपे होते.

मस्कत, दुबई, दोहा येथे नोकरीनिमित्त गेलेले आपले तरुण आहेत. न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, मेलबर्न येथे स्थायिक झालेली आपली मुले आहेत. आणि त्या मुलांकडे सहा-सहा महिने नातवंडे सांभाळावयास जाणारे आमच्या वयाचे आजी-आजोबा तर घरोघरी आहेत. यांपैकी कोणी तिकडे अंथरुणास खिळले, तर त्यास घरी कसे आणावयाचे, केव्हा आणावयाचे, हा प्रश्न वेळ आल्यावाचून कोणी विचारीत नाही. आणि वेळ आली म्हणजे शांतपणे विचार करण्याची मनःस्थिती राहत नाही. आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक. भूगोल आणि शास्त्र शिकवून सेवानिवृत्त झालो. परंतु गेल्या काही वर्षांत ज्ञातीतील दोन कुटुंबांवर अशी वेळ आली, तेव्हा 'गुरुजींना इंग्रजी पत्र लिहिता येते' एवढ्या गुणावर पत्रव्यवहाराचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांस विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, तेच आज सांगावयाचे आहे.

महाराष्ट्रास या दुःखाची ओळख जुनी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्याच वर्षी त्या आगबोटीने मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला. कित्येक आठवड्यांची ती सागरयात्रा त्या रुग्ण देहाने कशी सोसली असेल, याची कल्पनाच करावी. आज तोच पल्ला विमान पंधरा-सोळा तासांत गाठते. बोट संथ होती म्हणून रोग्याचे हाल झाले, हे खरे. परंतु विमान जलद आहे म्हणून हाल संपले, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी आमच्या वर्गात नापास झाला असता. कारण विमानाचा वेग रोग्याच्या बाजूचा असला, तरी विमानाची उंची त्याच्या बाजूची नसते.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. प्रवासी विमान पस्तीस ते चाळीस हजार फुटांवरून जाते. तेथील विरळ हवेत माणूस जगू शकत नाही, म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरतात. परंतु ती जमिनीवरच्याइतकी दाट कधीच नसते. आतील हवा आठ हजार फूट उंचीवरील हवेपेक्षा विरळ होऊ नये, असा दंडक आहे. काही नव्या विमानांत ती सहा हजार फुटांवरच्याइतकी ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे सुमारे 2,440 मीटर. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. कळसूबाईवर आणखी अर्धे कळसूबाई रचावे आणि त्याच्या माथ्यावर रोग्याची खाट नेऊन ठेवावी, तशी ही गोष्ट आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी होतो. धडधाकट माणसास हे जाणवत नाही. फार तर पेंग येते. परंतु ज्याचे हृदय अथवा फुप्फुस जमिनीवरच कसेबसे काम करीत आहे, त्यास हा चढ फार भारी पडतो. अशा रोग्यास वाटेत प्राणवायू द्यावा लागतो. प्रवासी विमानात घरचे नळकांडे नेता येत नाही. कंपनीस आधी कळवून तिच्याकडूनच तजवीज करून घ्यावी लागते, नाही तर तिने मान्य केलेले प्राणवायूचे लहान यंत्र बरोबर न्यावे लागते.

दुसरी गोष्ट मुलांस चटकन समजते. पुण्याहून वेफर्सचे बंद पाकीट घेऊन महाबळेश्वरास गेले, तर ते टम्म फुगलेले दिसते. पाकिटात कोणी हवा भरलेली नसते. बाहेरचा दाब उतरल्याने आतली पसरते. विमानाच्या आठ हजार फुटांवर कोंडलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. आता हे पाकीट माणसाच्या देहात आहे असे समजा. छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस दबलेले असेल, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आत वायू उरला असेल, नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर ती हवा वर गेल्यावर फुगते आणि तिला जावयास वाट नसते. नव्याने घातलेल्या प्लास्टरच्या आत सूज आणि हवा दोन्ही वाढतात, म्हणून ते उभे चिरून सैल करतात. ज्या रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्या नळीभोवतीच्या लहान फुग्यात विमानप्रवासापूर्वी हवेऐवजी क्षारजल भरण्याची पद्धत आहे. पाणी फुगत नाही. किती साधी युक्ती आणि केवढ्या मोलाची! बॉईलचा नियम आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, पण त्याच्यावर कोणाचा प्राण अवलंबून असेल, हे आम्हांस इतक्या उशिरा कळले.

आता रोग्यास आणण्याचे मार्ग पाहू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नेहमीच्या प्रवासी विमानात आसनावर बसवून, बरोबर परिचारिका अथवा डॉक्टर देऊन आणणे. बसता येत नसेल, तर विमानाच्या मागील भागातील आसनांच्या पाठी दुमडून त्यांवर स्ट्रेचर बसवितात आणि भोवती पडदा लावतात. त्यास सहा ते नऊ आसनांची जागा लागते आणि तेवढ्या तिकिटांचे पैसे पडतात. सर्वच कंपन्या ही सोय देत नाहीत. कृत्रिम श्वासयंत्रावरील रोगी प्रवासी विमानात सहसा घेत नाहीत. त्याच्यासाठी तिसरा मार्ग, म्हणजे स्वतंत्र हवाई रुग्णवाहिका. हे एक लहान जेट विमान असते. त्यात खाट, श्वासयंत्र, प्राणवायू, औषधांचे पंप, हृदयाचा आलेख दाखविणारे यंत्र, डॉक्टर आणि परिचारक इतके सर्व कोंबलेले असते. पुष्कळ विमानांत ताठ उभे राहता येत नाही. यंत्रांच्या घरघरीत स्टेथोस्कोपने छातीचा आवाज ऐकू येत नाही. फुगणाऱ्या हवेचे भय असलेला रोगी असेल, तर वैमानिक विमान मुद्दाम कमी उंचीवरून नेतो आणि आतला दाब समुद्रसपाटीजवळ राखतो. पण खालच्या दाट हवेत इंधन अधिक जळते, म्हणून वाटेत अधिक ठिकाणी उतरावे लागते. अमेरिकेहून मुंबईस लहान जेट एका दमात येऊ शकत नाही. दोन-तीन देशांत उतरून इंधन घ्यावे लागते, वैमानिकांच्या कामाच्या तासांचा हिशेब ठेवावा लागतो. त्या मार्गाचा खर्च लाखांत नव्हे, कोटीच्या घरात जातो.

याचा सारांश लोक असा काढतात की, ज्याच्यापाशी पैसा त्याने तिसरा मार्ग घ्यावा, नसेल त्याने पहिला. तसे नाही. आम्ही जे पाहिले त्यावरून सांगतो की, कोणते विमान हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'केव्हा' हा.

चिपळूणजवळच्या एका गावचे आपले एक ज्ञातिबंधू मस्कत येथे एका व्यापारी पेढीत हिशेबनीस होते. वय बावन्न. एके दिवशी कामावर असतानाच अर्धांगाचा झटका आला. डावा हात-पाय गेला, बोलणे अडखळू लागले. सहकाऱ्यांनी त्यांस तत्काळ इस्पितळात पोहोचविले. तिसऱ्या दिवशी त्यांचे वडील बंधू आमच्याकडे आले. हातात एक कागद होता. मुंबईच्या कोणा मध्यस्थाने स्वतंत्र विमानाचा आकडा लिहून दिला होता. तो आकडा असा होता की, आंब्याच्या कलमांची सगळी बाग गहाण टाकावी लागली असती. आणि ते टाकण्याच्या तयारीनेच आले होते. घरी ऐंशी वर्षांची माता. तिने अन्न सोडले होते. "माझा लेक तिकडे परक्या माणसांत पडलाय, त्याला घरी आणा," एवढेच ती म्हणे. "गुरुजी, उद्याच्या उद्या विमान ठरवितो, तुम्ही फक्त पत्र लिहा," बंधू म्हणाले.

आम्ही पत्र लिहिले, परंतु ते विमानवाल्यांस नव्हे, मस्कतच्या डॉक्टरांस. त्यात चार प्रश्न विचारले. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की गुठळी अडकली आहे? रोग्यास अन्न-पाणी गिळता येते काय? मुंबईस होऊ शकेल आणि मस्कतला होऊ शकणार नाही, असा कोणता उपचार आहे काय? आणि आधाराने सलग तीन तास बसणे त्यास केव्हा शक्य होईल? दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. गुठळी आहे, योग्य ते उपचार चालू आहेत, मुंबईस याहून निराळे काही करावयाचे नाही, पहिल्या काही दिवसांत मेंदूस सूज येण्याचा धोका असतो, अशा वेळी रोग्यास हलवू नये, दोन आठवडे थांबावे.

वडील बंधू संतापले. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग आम्हांस समजत होता. पाठचा भाऊ समुद्रापलीकडे पडला असता 'थांबा' हा शब्द औषध वाटत नाही, निर्दयपणा वाटतो. निर्णय आमचा नव्हताच. प्रश्न तेवढे आमचे होते. पण उत्तर वाचल्यावर बाग गहाण टाकण्याचा कागद पुढे सरकला नाही, एवढे खरे.

पंधराव्या दिवशी रोगी उशीच्या आधाराने बसू लागला. तेव्हा तिकडच्या मित्रांनी मोठ्या प्रेमाने तिकीट काढले आणि त्यांस चाकांच्या खुर्चीतून थेट विमानतळावर नेले. तेथून त्यांस परत पाठविण्यात आले. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण नियम तिचा बरोबर होता. आजारी प्रवाशासाठी एक वैद्यकीय पत्रक भरावे लागते. त्यास 'मेडिफ' म्हणतात. त्यात रोगाचे नाव, सध्याची स्थिती, प्राणवायू लागतो किंवा नाही, बरोबर कोण आहे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टराने लिहावयाचे असते आणि कंपनीच्या वैद्यकीय खात्याने ते पाहून परवानगी द्यावयाची असते. यास साधारणतः दोन-तीन दिवस हाताशी लागतात. ते पत्रक भरलेलेच नव्हते. मग ते भरले, एका परिचारकाची व्यवस्था झाली, मुंबईच्या इस्पितळात खाट आधीच राखून तेथील डॉक्टरांचे संमतिपत्र मागविले आणि एकोणिसाव्या दिवशी ते प्रवासी विमानाने सुखरूप उतरले. एकूण खर्च मध्यस्थाच्या आकड्याच्या पासंगासही पुरला नाही. आज ते काठी टेकीत बागेपर्यंत जातात. मातोश्री गेल्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी लेकास चालताना पाहिले.

या अनुभवानंतर आम्ही आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या, म्हणजे 'आयाटा'च्या, वैद्यकीय मार्गदर्शक नियमांची चौकशी केली. त्यांचा रोख साधारण असा आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिले चार दिवस प्रवास टाळावा. त्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, प्रकृती सुधारत असेल तर, परिचारिकेसह प्रवास होऊ शकतो. हृदयविकाराचा झटका गुंतागुंतीवाचून निभावला, तर सुमारे आठवडा-दहा दिवस जाऊ द्यावेत; गुंतागुंत असेल तर पुष्कळच अधिक. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस. दबलेले फुप्फुस पूर्ण उलगडल्यावाचून तर नाहीच आणि उलगडल्यावरही निदान आठवडाभर थांबावे. हे आकडे पाठ करावयाचे नव्हेत. प्रत्येक रोगी निराळा असतो आणि शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टराचाच. परंतु डॉक्टरास काय विचारावे, हे आपणांस ठाऊक असावे.

मग घाई केव्हा करावी? जेथे माणूस पडला आहे तेथे आवश्यक उपचारच नसतील, तेव्हा. अशा वेळी मात्र तास मोजावे लागतात. पण तेव्हाही जावयाचे ते जवळच्या पुरेशा सज्ज इस्पितळात. घर कितीही दूर असले तरी आधी घरी नव्हे. हवाई रुग्णसेवेचा जन्मच या गरजेतून झाला. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन नावाच्या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांनी 1928 च्या मे महिन्यात क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी या गावाहून पहिले 'उडते डॉक्टर' निघाले. शेकडो मैल ओसाड मुलखात पसरलेल्या वस्त्यांपर्यंत वैद्य पोहोचविणे हाच हेतू. पूर्व आफ्रिकेत 1957 साली मायकल वुड आणि त्यांचे दोन शल्यविशारद सहकारी यांनी अशीच सेवा उभारली; तिचे ठाणे नैरोबी. आजही त्या भागात दुर्गम ठिकाणी जखमी झालेल्या प्रवाशास ती विमाने प्रथम नैरोबीच्या इस्पितळात आणतात. तेथे तो सावरतो आणि मग मायदेशाचा विचार होतो.

हा भेद विम्याच्या कागदात फार महत्त्वाचा आहे. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण कुटुंबे नागवली जातात ती बहुधा येथेच. परदेशप्रवासाच्या विम्यात 'मेडिकल इव्हॅक्युएशन' असा शब्द असतो. लोक समजतात, आजारी पडलो की विमा कंपनी विमानाने घरी आणणार. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, जवळच्या योग्य इस्पितळापर्यंत पोहोचविण्याचा खर्च कंपनी देईल. मायदेशी परत आणण्याचे कलम निराळे. त्यास 'रिपॅट्रिएशन' म्हणतात. आणि त्यातही एक मेख असते. काही कागदांत त्या शब्दापुढे 'ऑफ रिमेन्स' असे लिहिलेले असते, म्हणजे केवळ पार्थिव देह आणण्याचा खर्च. जिवंत माणसास आणण्याची तरतूद आहे किंवा नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वगळलेला असतो काय, हेही पाहावे. आपल्या वयाच्या मंडळीत यांपैकी एकही दुखणे नसलेला माणूस दाखवा, आम्ही त्याचा सत्कार करू! आणि ही दुखणी विमा घेताना लपवू नयेत. लपविलेले दुखणे नेमके दावा करण्याच्या दिवशी उघडे पडते. शेवटचे म्हणजे, विमान ठरविण्यापूर्वी विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या साहाय्य-केंद्राची पूर्वसंमती घ्यावी. आपण आपल्या मनाने विमान ठरविले आणि मागाहून बिल पाठविले, तर ते बहुधा परत येते. शेंगेन समूहातील युरोपीय देशांच्या प्रवेशपरवान्यासाठी किमान 30,000 युरोंचा विमा सक्तीचा आहे आणि त्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणण्याचा खर्च धरावा लागतो. अमेरिकेस जाताना अशी सक्ती नाही. आणि खर्च मात्र तेथेच सर्वांत अधिक. तेथील कायद्याने, 1986 पासून, तातडीच्या रोग्यास पैसे नाहीत म्हणून इस्पितळाने दारातून परत लावू नये असे ठरविले आहे. पण त्याचा अर्थ बिल येणार नाही असा नव्हे.

नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या पारपत्रास प्रस्थान-परवानगी लागते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना 2003 पासून आहे. तिचा कागद गावी घरच्यांकडे असावा. आम्ही पाहिलेल्या घरी तो सापडावयास चार दिवस लागले. परदेशातील भारतीय वकिलातींकडे 2009 साली स्थापन झालेला भारतीय समाज कल्याण निधी असतो. खरोखर निराधार झालेल्या देशबांधवास त्यातून तातडीच्या उपचारासाठी आणि पार्थिव मायदेशी पाठविण्यासाठी साहाय्य मिळू शकते. वकिलातीस कळविण्यात संकोच करू नये. पण ती बँक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

स्वित्झर्लंडचे उदाहरण आम्हांस या बाबतीत मोठे बोधप्रद वाटते. तेथे 1952 साली 'रेगा' ही हवाई बचावसंस्था स्थापन झाली. पर्वतात अडकलेल्यांस हेलिकॉप्टरने सोडविणे हे तिचे एक काम. परदेशी आजारी पडलेल्या स्विस नागरिकांस घरी आणणे हे दुसरे. त्यासाठी तिच्याजवळ स्वतःची रुग्णवाहक जेट विमाने आहेत. गंमत अशी की, ती सरकारी खाते नव्हे. सुमारे नव्वद लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांहून अधिक लोक दरवर्षी लहानशी वर्गणी देऊन तिचे आश्रयदाते होतात. त्यांच्यावर प्रसंग आला आणि विम्याने खर्च उचलला नाही, तर संस्था तो माफ करू शकते. आणि रोग्यास केव्हा आणावयाचे, आपल्या जेटने की साध्या प्रवासी विमानाने, हे नातलगांच्या आग्रहावर ठरत नाही. संस्थेचे डॉक्टर परदेशातील डॉक्टरांशी बोलून ठरवितात. आपल्या ज्ञातीच्या मंडळाने जेट विमान घ्यावे, असे सुचविण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण रोग्याच्या आणि घाबरलेल्या घराच्या मध्ये एक शांत डोके उभे करणे, हे काम आपल्याही आवाक्यातले आहे.

आता दुसरी हकिगत. ती सांगताना आमचा आवाज भरून आला, याबद्दल श्रोत्यांनी क्षमा केली. सांगलीकडचे आमचे एक समवयस्क स्नेही सपत्नीक टेक्सासला कन्येकडे गेले होते. तेथे पोटदुखीचे निमित्त होऊन स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पुष्कळ पसरलेला. तेथील डॉक्टरांनी पहिल्याच पंधरवड्यात स्पष्ट सांगितले : रोग बरा होण्यातला नाही, परंतु आज ते चालतात, खातात, प्राणवायूची गरज नाही, मायदेशी जावयाचे असेल, तर पुढील दोन-तीन आठवड्यांत जावे. नंतर जमेलच असे नाही.

मुलीने आणि जावयाने काय केले? जे प्रेमाची माणसे करतात तेच केले. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले, मग तिसऱ्या मोठ्या इस्पितळात नाव नोंदविले, एका नव्या औषधाची चौकशी केली. प्रत्येक ठिकाणी भेटीची तारीख आठ-दहा दिवसांनी मिळे. असे सहा आठवडे गेले. मग पायाच्या शिरेत गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली, प्राणवायू लावावा लागला. विमान कंपनीच्या वैद्यकीय खात्याने परवानगी नाकारली. स्वतंत्र विमानाचा आकडा विचारला, तेव्हा तो कोणाच्याच आवाक्यातला नव्हता. आमचे स्नेही तिकडेच गेले. त्यांच्या पत्नीने परतल्यावर आम्हांस सांगितले की, शेवटच्या आठवड्यात ते रोज सकाळी एकच विचारीत, "तिकीट झालं का?"

मुलीस कोणी बोल लावू नये. आम्ही लावीत नाही. तिने वडिलांचा जीव वाचविण्याची धडपड केली. परंतु त्या सहा आठवड्यांत सर्वांनी डॉक्टरांस विचारले, विमा कंपनीस विचारले, विमानवाल्यांस विचारले. ज्यास जावयाचे होते त्यास मात्र, 'तुमची इच्छा काय?' असे बसून कोणी विचारले नाही. चिपळूणच्या घरी घाईने घात झाला असता, टेक्सासला थांबण्याने झाला. म्हणूनच आरंभी म्हटले की, 'केव्हा' हा प्रश्न पहिला. आणि त्याचे उत्तर 'लवकर' किंवा 'सावकाश' असे एका शब्दात नसते. ज्या रोगातून माणूस उठणार आहे, तेथे थोडे थांबून आणणे बहुधा हिताचे. ज्यातून उठणार नाही, तेथे प्रवास झेपतो तोवरच आणावे, आणि तेही त्याची स्वतःची इच्छा असेल तर. काहींस मुलांच्या जवळच डोळे मिटावयाचे असतात. गावचा वाडा आता रिकामा असतो. तीही इच्छाच आहे. माती आपली असावी, हा आग्रह अनेकदा जाणाऱ्याचा नसून मागे राहणाऱ्यांचा असतो, असे आमचे मत झाले आहे. ते सर्वांस पटेल असे नाही.

आता मंडळासमोर आमची सूचना. ज्या ज्या घरचे माणूस परदेशी आहे अथवा जाणार आहे, त्या घराने एक पत्रक भरून एक प्रत स्वतःजवळ, एक परदेशातील मुलाजवळ आणि इच्छा असल्यास एक पाकिटात बंद करून मंडळाच्या कार्यालयात ठेवावी. पत्रकात पारपत्राचा क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि साहाय्य-केंद्राचा दूरध्वनी, जुनी दुखणी, चालू औषधांची त्यांतील मूळ द्रव्याच्या नावाने यादी (व्यापारी नाव परदेशी डॉक्टरास कळत नाही), रक्तगट, कशाची वावडी आहे ते, इकडच्या नेहमीच्या डॉक्टरांचा पत्ता, आणि माणूस शुद्धीवर नसल्यास त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यावयाचा त्या एकाच व्यक्तीचे नाव असावे. एकाच, यावर आमचा कटाक्ष आहे. तीन भाऊ तीन देशांतून तीन डॉक्टरांस दूरध्वनी करतात, तेव्हा रोग्याचे काय होते, ते आम्ही ऐकले आहे. ज्ञातीतील चार डॉक्टरांनी, दोन मुंबईचे, एक पुण्याचे, एक नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या बाई, अशा प्रसंगी परदेशातील डॉक्टरांशी बोलून सल्ला देण्याचे विनामूल्य कबूल केले आहे. त्यांचे क्रमांक कार्यालयात मिळतील. इंग्रजी पत्रे लिहावयास आम्ही आहोतच.

पत्रकाच्या शेवटच्या रकान्यावरून कार्यकारी मंडळात वाद झाला. तो रकाना असा आहे : 'बरे होण्याची आशा नसल्यास आपणांस कोठे राहावेसे वाटते?' दोन सभासदांच्या मते हे अशुभ आहे आणि लोक ते पत्रक हातीही धरणार नाहीत. मसुद्यातून तो एकदा गाळला गेला. आम्ही तो पुन्हा लिहून दिला आहे, आणि आमच्या स्वतःच्या पत्रकात भरलाही आहे, कारण येत्या वैशाखात आम्हां उभयतांस मुलाकडे मेलबर्नला जावयाचे आहे. पत्रके छापून तयार आहेत. भोजनगृहाच्या दाराशी उजव्या हाताच्या मेजावर ठेवली आहेत. प्रत्येकी दोन न्यावीत.